घरच्या संगणकासाठी कम्पायलर निवडताना

संगणकाला भाषा कोणती येते, असा प्रश्न वर्गातील मुले आम्हांस वरचेवर विचारतात. खरे पाहता त्याला स्वतःची यंत्रभाषा तेवढी कळते. माणसाने लिहिलेला आज्ञाक्रम तीत उतरवणारा कोणीतरी लागतो. हे काम दोन रीतींनी होते. सभेत दुभाषी शेजारी उभा राहून वाक्यामागून वाक्य सांगत जातो, ती इंटरप्रिटरची रीत. सबंध ग्रंथाचे भाषांतर एकदाच करून ठेवणे, ही कम्पायलरची. दुभाष्याला दर वेळी तेच कष्ट. भाषांतरित ग्रंथ मात्र केव्हाही उघडावा आणि भराभर वाचावा.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर अमेरिकेत जाहीर केला, तेव्हा बेसिक भाषेचा इंटरप्रिटर यंत्रातच बसवलेला होता. शिकणाऱ्याला तो पुरे. पण मोठी आकडेमोड घातली की काम रेंगाळे. मग कम्पायलर घ्यावा तर कोणता? यंत्राचीच किंमत १,५६५ डॉलरांपासून पुढे, तीही अवघ्या १६ किलोबाइट स्मृतीची आणि फ्लॉपी ड्राइव्हवाचून. एवढा खर्च करून बसलेल्या गृहस्थाने आणखी पैसे घालून कम्पायलर आणावा आणि तो मनाजोगा निघू नये, म्हणजे पैसा जाई तो जाईच, शिवाय त्याच्या भरवशावर लिहिलेले महिनोन्‌महिन्यांचे काम अडकून पडे.

आयबीएमच्या नावाने मिळणारा पास्कल कम्पायलर मायक्रोसॉफ्टने केलेला होता. त्याची चाल पाहण्यासारखी. आधी एडिटरमध्ये लिहून फ्लॉपीवर ठेवावे, मग कम्पायलरचा पहिला फेरा, मग दुसरा, त्यानंतर लिंकर. मधूनमधून तबकड्या बदलाव्यात, कारण आरंभी एका तबकडीवर १६० किलोबाइटच मावत. एक अर्धविराम राहिला की पुन्हा पहिल्यापासून! विद्यार्थ्याचा हुरूप मारण्यास ह्याहून खात्रीचा उपाय आम्हांला तरी ठाऊक नाही.

१९८३ च्या अखेरीस बोरलँड कंपनीचा टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरांना आला. त्यातील कम्पायलर आंदर्स हेल्सबर्ग ह्या डॅनिश तरुणाने रचलेला. एडिटर आणि कम्पायलर एकाच प्रोग्रॅममध्ये, दोन्ही स्मृतीत एकदम हजर. त्यामुळे तबकड्यांची ती हमाली संपली. चूक सापडताच काम थांबे आणि कर्सर त्या जागी जाऊन उभा राही. एका वेळी एकच चूक दाखवतो, अशी काहींची तक्रार असे. आम्हां मास्तर मंडळींना तो गुणच वाटेल. सगळी वही तांबडी केली की मुलगा काहीच वाचत नाही.

तथापि स्वस्तात सर्व काही मिळत नाही. आरंभीच्या आवृत्त्यांत प्रोग्रॅमच्या आज्ञा ६४ किलोबाइटांत बसवाव्या लागत. मोठ्या कामाचे भाग वेगळे कम्पाइल करून जोडण्याची ‘युनिट’ची सोय १९८७ च्या चौथ्या आवृत्तीत आली. दुसरे असे की, त्याच्या पास्कलमध्ये प्रमाण पास्कलबाहेरच्या पुष्कळ सोयी होत्या. त्यांची चटक लागली की तोच मजकूर दुसऱ्या कम्पायलरच्या गळी उतरणे कठीण. ज्याला आपले काम उद्या निराळ्या यंत्रावर न्यावयाचे होते, त्याने जास्त पैसे मोजून सी भाषेचा कम्पायलर पाहणे शहाणपणाचे होते. लॅटिस सी त्या वेळी पीसीसाठी मिळत असे. शिकणाऱ्यासाठी मात्र आम्ही टर्बो पास्कलच निवडला असता, आणि उरलेल्या पैशांत स्मृती वाढवून घेतली असती.