जुने ग्राफिक्स कार्ड केव्हा बदलावे?

ग्राफिक्स कार्ड वयाने मंद होत जाते, हा गेम खेळणाऱ्यांमधला सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. २०१६ साली आलेले जीटीएक्स १०६० आजही पूर्वीइतक्याच वेगाने काम करू शकते. वाढली आहे ती नव्या गेमची मागणी. मात्र दोन वर्षांपूर्वी सुरळीत चालणारा तोच गेम, त्याच सेटिंगवर आज अडखळत असेल, तर कारण बहुधा उष्णता असते. एनव्हिडियाच्या त्या पिढीतील कार्डे साधारण ८३ अंश सेल्सिअस गाठली की आपला वेग आपणच उतरवतात.

रत्नागिरीत हे लवकर घडते. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही; ती हीटसिंकच्या पात्यांना चिकटते आणि वारा खेळायची वाट बुजते. खाऱ्या हवेने कार्डाची धातूची पट्टी आणि स्क्रू गंजू लागतात. चारपाच वर्षांत चिपवरची थर्मल पेस्टही सुकलेली असते. त्यामुळे कार्ड बदलण्याचा विचार करण्यापूर्वी कॅबिनेट उघडून ब्लोअरने सफाई करावी (पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत) आणि पेस्ट नवी लावावी. काही शे रुपयांच्या या कामाने हजारोंचा खर्च अनेकदा टळतो. किनाऱ्यावर तरी सुरुवात इथूनच व्हायला हवी.

गेम अडखळला की दोष कार्डाचाच, असेही सर्रास गृहीत धरले जाते. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वापर टक्क्यांत दिसतो. एफपीएसवर (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या संख्येवर) मर्यादा घातलेली नसताना तो ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर कार्ड खरोखर कमी पडते आहे. तो ६० टक्क्यांवर घुटमळत असेल, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. रेझोल्यूशन कमी करूनही एफपीएस वाढत नसेल, तर महागडे नवे कार्डही तो वाढवू शकणार नाही. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये हे नेहमी आढळते.

जास्त जीबी म्हणजे जास्त वेग, हेही खरे नाही. ४ जीबीचे जीटी ७३० आणि ४ जीबीचे जीटीएक्स १६५० यांच्या वेगात कित्येक पटींचे अंतर आहे. मेमरी अपुरी पडल्याची खूण वेगळी असते: सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण मध्येच झटके बसतात. टेक्स्चरची सेटिंग एक पायरी उतरवली की ते बहुधा थांबतात.

एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, म्हणून ही कार्डे निकामी झाली असे नव्हे. जुने गेम चालतच राहतात आणि सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. खरी भिंत हार्डवेअरची आहे. डिसेंबर २०२४ मधल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंगची सोय असलेलेच कार्ड लागते, तिथे सेटिंग कितीही उतरवून उपयोग नाही. असे गेम खेळायचे असतील, तर कार्ड बदलण्याला पर्याय नाही.

नवे कार्ड बसवले की काम झाले, असेही नसते. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटवर चालते, तर आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो आणि त्यातच मॉनिटरही येतो. गेम जड झाला की संगणक एकदम बंद पडत असेल, तर आधी एसएमपीएस आणि यूपीएस तपासावेत. पावसात वीज ये-जा करणाऱ्या कोकणात यूपीएस काढून टाकणे हा उपाय नव्हे.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे मायनिंग संपले आणि जुन्या बाजारात मायनिंगची कार्डे लोटली. ती सरसकट खराब नसतात. झीज मुख्यतः पंख्यांची आणि पेस्टची होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचे असो की गावातच घ्यायचे असो, पैसे देण्यापूर्वी अर्धा तास जड गेम चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावर उमटणारे ठिपके किंवा रेषा पाहाव्यात. ही तपासणी करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून कार्ड घेऊ नये.