भरवशाचं भांडवल

कळंब्यात आमच्या शेजारची मुलगी मानसशास्त्रात एम.ए. झाली आणि समुपदेशनासाठी तिनं एक खोली भाड्यानं घेतली. मी बँकेतला जुना माणूस. विचारायला आली, "काका, जाहिरात कशी करू?"

प्रश्न सोपा नव्हता. दाताच्या डॉक्टरांचं नाव पेशंटच गावभर करतो. इथं बरा झालेला माणूसही 'मी तिथं जात होतो' म्हणत नाही. तलावावर फिरायला येणारे निम्मे ओळखीचे. पायरी चढताना कुणी पाहील, ही धास्ती!

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये 'आयपीएच' संस्था सुरू केली. व्याख्यानं, पुस्तकं यांतून त्यांनी मनाविषयीचं बोलणं घराघरांत नेलं.

तिला म्हटलं, "आधी शाळेत, महिला मंडळात बोल. फी स्पष्ट सांग. आजार गंभीर वाटला तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठव. आणि कुणाचं नाव बाहेर जाऊ देऊ नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. बँकेत लोक ठेव ठेवतात, ती शिल्लक शेजाऱ्याला कळणार नाही या भरवशावरच."

दोन महिने खोली रिकामी होती. परवा म्हणाली, "काका, एक जण येऊन गेलं."

कोण, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.