हत्तीची फळे आणि घोड्याचे पोट

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बांधावर बाभूळ लावायची म्हणून आम्ही झाडाखालच्या शेंगा गोळा केल्या, बी काढले आणि पिशव्यांत पेरले. शंभरात दहा रोपेसुद्धा उठली नाहीत. शेजारच्या रानात शेळ्यामेंढ्या बसवलेला एक म्हातारा धनगर ते पाहून हसला. म्हणाला, "साहेब, झाडाखालचं बी कशाला येचता? आमच्या शेळ्या बसल्यात तिथलं न्या की."

त्याने दाखवले तिथे लेंड्यांमध्ये स्वच्छ, काळपट बी पडलेले होते. शेळी शेंग खाते आणि रात्री रवंथ करताना टणक बी तोंडातून टाकून देते. ते बी पेरले, तेव्हा वाफा भरला. टणक कवच मऊ करायला गरम पाणी किंवा आम्ल वापरावे, एवढे मी कॉलेजात शिकलो होतो. ते काम शेळी फुकटात करते हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

झाडाला पाय नसतात. पोर थोरल्या झाडाच्या सावलीत वाढत नाही, आणि झाडाखालच्या बियांवर भुंगेरे व उंदीर टपलेलेच असतात. म्हणून झाड बियाभोवती गोड गर देते. ती वाहतुकीची हमाली समजा. लहान फळ पाखरू नेते. पण मूठभर मोठे, जड, पिकल्यावर खाली पडणारे फळ न्यायला मोठ्या तोंडाचे जनावर लागते. आता ते जनावरच नाहीसे झाले तर?

याचे उत्तर मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात पाहायला मिळते. तेथील ग्वानाकास्ते प्रांताला ज्या झाडाचे नाव आहे, त्याच्या शेंगा माणसाच्या कानासारख्या वळलेल्या, गोडसर आणि आत दगडासारख्या बिया. दुसरे हिकारो नावाचे झाड. त्याचे फळ कवठासारखे टणक. या झाडांखाली फळांचा सडा पडे आणि बराचसा जागीच कुजून जाई. डॅनियल जॅन्झन हे शास्त्रज्ञ तेथे वर्षानुवर्षे राहून हे पाहत होते. इतकी फळे धरायची आणि न्यायला कोणी नाही, असे झाड करील कशाला?

१९८२ साली जॅन्झन आणि पॉल मार्टिन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात आपला तर्क मांडला. या फळांचे गिऱ्हाईक मरून गेले आहे, असे ते म्हणाले. त्या प्रदेशात पूर्वी हत्तीसारखे सोंडेचे गोम्फोथेर नावाचे प्राणी होते, जमिनीवर चालणारे अजस्र स्लॉथ होते, रानघोडेही होते. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी ते सारे संपले. झाडे दीर्घायुषी, ती टिकली. पण त्यांचे बी दूर जाईना.

मग सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी घोडे आणि गुरे आणली. घोडा हिकारोचे फळ पुढच्या दातांनी फोडतो, आतला चिकट गर बियांसकट गिळतो आणि चालत राहतो. त्याच्या पोटात काही बिया मरतात, उरलेल्या लिदीतून दूर जाऊन पडतात आणि रुजतात. गंमत अशी, की घोड्याची जात मूळची अमेरिकेतलीच. हजारो वर्षांनी परत आलेल्या या पाहुण्याने जुने काम पुन्हा हाती घेतले.

आपल्या रस्त्यांच्या कडेचा पर्जन्यवृक्षही अमेरिकेच्या त्याच उष्ण पट्ट्यातून आलेला. त्याच्या चिकट शेंगा गुरे किती आवडीने खातात हे आपण रोज पाहतो.

म्हणजे हत्ती गेला तरी गाय-म्हैस आहेच, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे. उत्तर बंगालच्या बक्सा जंगलात करंबळ, कुंभा आणि फणसाच्या जातीतला चापलाश या तीन झाडांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नितीन सेकर, रमण सुकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. गुरे-म्हशी थोडीफार भर घालतात, पण हत्तीएवढे बी एवढ्या लांब त्या नेत नाहीत. ते साहजिकच आहे. आपले गुरू दिवस मावळताना गोठ्याकडे वळते, हत्ती मैलोन् मैल चालतो. कुंभा आपल्या सह्याद्रीतही आहे आणि तिथल्या बहुतेक भागांत त्याची फळे न्यायला आज हत्तीचे कळप नाहीत.

शिवाय जनावराला बरे-वाईट बी कळत नाही. वेडी बाभूळ माळरानांवर पसरली ती बरीचशी शेळ्या-गुरांच्याच पोटातून. तिच्या शेंगा चारल्या असतील तर शेण-लेंड्या कच्च्या स्वरूपात शेतात टाकू नका. खत चांगले कुजवून मगच वापरा.

गावठी बाभळीचे बी मात्र जरूर जमवा. उन्हाळ्यात शेंगा गळू लागल्या की शेळ्यांना खाऊ द्या, सकाळी बसल्या जागेचे बी झाडून घ्या, चाळून सावलीत वाळवा आणि पहिला पाऊस झाल्यावर बांधावर दोन-दोन बिया टोकून टाका.