खंजिरीचा धाक

गाणे म्हटले की आपल्या घराण्यांत दरबारी बैठकीची आठवण निघते. दरबाराने संगीताला पोसले, हे या शहराला सांगावयास नको. परंतु सरकारनेच ज्याचा धाक घ्यावा असेही गाणे मराठीत होऊन गेले, आणि पांढुर्णा-सौसरच्या संत्र्या-कपाशीच्या मुलखात भजनी मंडळांच्या ओठी ते अद्याप आहे. ते तुकडोजी महाराजांचे.

2023 साली पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. 1942 साली मात्र हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडे. 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला तेव्हापासून 1946 पर्यंत तेथे लोकनियुक्त सरकार नव्हते; गव्हर्नर म्हणेल तो कायदा. सभा बंद करता येते, छापखान्यास टाळे ठोकता येते. भजनाचे काय करावयाचे?

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे 1909 साली जन्मलेल्या महाराजांपाशी वाद्य एकच, खंजिरी. चाल सोपी, शब्द बोलीतले, मागे साऱ्या गावाने म्हणावयाचे. देवाच्या नावाबरोबर अस्पृश्यता, व्यसने, गावची घाण आणि परकी सत्ता यांचाही समाचार त्यात असे. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूर व आष्टी येथे उठाव झाले. त्यांमागे या भजनांची चेतना होती. त्याच महिन्यात चंद्रपूर येथे महाराजांना अटक झाली, आणि डिसेंबरपर्यंत त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. गाणारा कोंडला गेला. गाणे पाठ झालेले होते.

दूर चिली देशात असेच घडले. पिनोशेच्या लष्करी अमलात, 1984 साली, सान्तियागोच्या तीन शाळासोबत्यांनी रॉक गाण्यांची ध्वनिफीत काढली. आपल्या वाद्यवृंदास त्यांनी नाव दिले होते ‘कैदी’. ती फीत हातोहात उतरवून घेतली गेली. वाद्ये निराळी, युक्ती एकच.

सौसरकडची बहुतेक मुले आता हिंदीतून शिकतात. महाराजांनी मराठी आणि हिंदी दोहोंत रचना केल्यामुळे त्यांना भजन परके वाटत नाही. धोका निराळा आहे. तसबिरीला हार घातला, आरती झाली, की भजनातील प्रश्न मागे राहतो. अस्पृश्यतेवरचे पद गाणारा गावही पंगतीत पूर्वीसारखाच बसू शकतो.

म्हणून लग्नकार्यानिमित्त तिकडे जाणे झाले, तर रात्री भजनास तासभर बसावे. ठेका गोड आहेच; वाचकहो, शब्दही ऐकावेत.