ऑफिसच्या फोनवरून 1554 का लागत नव्हता?



ऑगस्टमधली ती संध्याकाळ आठवते ना? बंदी उठून जेमतेम आठवडा झालेला. एक ट्रॉलर वेळेवर परतला नाही, व्हीएचएफच्या 16 नंबर चॅनलवर उत्तर नाही, आणि घरची माणसं ऑफिसात येऊन बसलेली. ऑफिसच्या फोनवरून कोस्ट गार्डचा 1554 फिरवला, तर नुसता टूं टूं आवाज. तीनदा लावला, तेच. शेवटी खिशातल्या मोबाइलवरून लागला. ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने रात्री ओढून आणला, सगळे सुखरूप. पण एवढा खर्च करून बसवलेला नवा फोन ऐन वेळी मुका का झाला, हे बऱ्याच जणांनी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

आपल्या ऑफिसात, बर्फ फॅक्टरीत, डिझेल पंपावर आणि लिलाव शेडमध्ये आता जे फोन आहेत ते कॉम्प्युटरच्या केबलवर चालतात. बाहेर जायला मात्र जुन्याच दोन लँडलाइन आहेत. या दोघांच्या मधे एक डबा बसवलाय, त्याला गेटवे म्हणतात. जेटीवर मुकादम जसा क्रेट बघून सांगतो, हा बर्फात, हा ट्रकात, तसा हा डबा आकडे बघून ठरवतो की फोन आत द्यायचा की बाहेर. कशावरून ठरवतो? त्यात लिहून ठेवलेल्या नियमांवरून. आपला डबा नियम वरून खाली वाचतो, आणि जो पहिला जुळला तोच धरतो, पुढचे बघतसुद्धा नाही. (काही कंपन्यांच्या डब्यात जास्त आकडे जुळणारा नियम आधी लागतो. म्हणून दुसऱ्याचं सेटिंग बघून आपलं करू नये.)

घोटाळा इथेच होता. बसवणाऱ्याने आतले नंबर 1501, 1502 असे दिले आणि सगळ्यात वर नियम लिहिला: 1 ने सुरू होणारा चार आकडी नंबर म्हणजे आतला. मग 1554 सुद्धा आतलाच! डबा आपल्याच जागेत 1554 नंबरचा फोन शोधत बसला. 112 ची गत आणखी वाईट. तीन आकडे झाले तरी डबा चौथ्याची वाट बघायचा आणि मग सोडून द्यायचा.

आता आतले नंबर तीन आकडी केलेत, 401 पासून. 4 का? 1 ने मदतीचे नंबर, 0 ने एसटीडी, 2 ने गोव्यातले लँडलाइन, 6 ते 9 ने मोबाइल. 4 मोकळा होता. आणि 112 व 1554 हे दोन नियम सगळ्यात वर, आकडे पूर्ण होताच थेट लाइनवर. एक लाइन बिझी असेल तर दुसरीवर.

मोबाइलचीही एक तक्रार होती. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी 0 लावावा लागतो, आणि आपण सवयीने दहाच आकडे दाबतो. आता दहा आकडी नंबर 6 ते 9 ने सुरू झाला की डबा स्वतः 0 जोडतो. कोणी आधीच 0 लावला असेल तर तसाच पाठवतो.

रात्रीचा फोन आधी ऑफिसात वाजेल, कोणी उचलला नाही तर बर्फ फॅक्टरीच्या राखणदाराकडे. तिथून मोबाइलवर वळवा, असं काही वहिनींनी सुचवलं. करता येतं, पण तेव्हा दोन्ही लाइन अडकतात: एकीवर आलेला फोन, दुसरीवर वळवलेला. वादळाच्या रात्री ते परवडणार नाही, म्हणून तूर्त नको म्हटलं.

लाइन ‘सदा बिझी’ का, तेही सापडलं. समोरच्याने फोन ठेवला हे डब्याला बिझी टोनवरूनच कळतं. आपल्याकडे तो पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. डब्यात परदेशी टोन भरलेला, त्यामुळे फोन ठेवल्यावरही लाइन धरूनच बसायचा. तेही बदललंय.

राहिली वीज. लाइट गेली की डबा आणि राऊटर दोन्ही बंद. यूपीएस लावलाय, पण तो किती वेळ तग धरतो हे पावसात बघू. तोवर एका लँडलाइनला जुना तारेचा फोन जोडलाय, कपाटाजवळचा लाल. त्याला एक्सचेंजमधूनच वीज मिळते, तो चालतो. कृपया त्यावर गप्पा मारू नका.

आणि 1554 लागतो का हे बघायला कोणी गंमत म्हणून फोन करू नये. आम्ही एकदा लावला, चाचणी आहे असं सांगितलं आणि ठेवला. आतल्या नवीन नंबरांचा कागद लिलाव शेडच्या खांबावर लावलाय, फोटो काढून घ्या. बाहेरून फोन करणाऱ्यांसाठी सोसायटीचा नंबर तोच आहे.