प्लोटिनस आणि चक्रधर

भारतीय तत्त्वज्ञान जाणण्याच्या ओढीने इ. स. २४३ मध्ये प्लोटिनस सम्राट गॉर्डियनच्या सैन्याबरोबर पूर्वेकडे निघाला; मोहीम फसली व तो भारतापर्यंत पोचलाच नाही. त्याच्या मते ‘एक’ या परतत्त्वापासून बुद्धितत्त्व व त्यापासून आत्मतत्त्व उद्भवते. आत्म्याचा श्रेष्ठ अंश मुळी खाली उतरतच नाही. म्हणून अंतर्मुख होऊन तो मूळस्थानी परततो.

तेराव्या शतकात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर येथे राहिलेल्या चक्रधरस्वामींचे मत निराळे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परभिन्न होत. मोक्ष केवळ परमेश्वरच देतो. देवतांच्या उतरंडीमुळे दोन्ही मते सारखी भासतात खरी. परंतु प्लोटिनसची उतरंड उगमाची, महानुभावांची निव्वळ अधिकाराची. जीव परमेश्वरातून निघालेलाच नसल्याने ‘परतणे’ हा शब्द येथे लागू पडत नाही.