मृत्युपत्र, गाव आणि बदलता काळ : कम्युनिटी फाउंडेशन कसं चालतं?

एका मृत्युपत्रापासून सुरुवात करतो.

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठावर सेंट लुईस नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेली गरीब कुटुंबं तिथे येऊन थांबायची. शिधा भरायचा, गाड्या जोडायच्या आणि पुढे निघायचं. वाटेत कुणी आजारी पडायचं, कुणाचे पैसे संपायचे. या शहराचे एकेकाळचे महापौर ब्रायन मलान्फी १८५१ मध्ये वारले. आपल्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा त्यांनी पश्चिमेकडे निघालेल्या अशा गरीब प्रवाशांच्या मदतीसाठी ठेवला होता.

पुढे रेल्वे आली. गाड्यांचे तांडे थांबले. निधी होता, पण ज्यांच्यासाठी तो ठेवला ते लोक येईनासे झाले. शहरात गरीब नव्हते का? होते की! पण ते 'पश्चिमेकडे निघालेले' नव्हते. आता मृत्युपत्रातलं ते वाक्य कोण बदलणार? ज्याने लिहिलं तो तर गेला.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी कुणी धर्मशाळा बांधली, मग एसटी आली आणि यात्रेकरू संध्याकाळी घरी परतू लागले. आपल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात यासाठी कलम ५५ आहे. मूळ हेतू पार पाडणं शक्य किंवा योग्य राहिलं नसेल, तर प्रकरण न्यायालयात नेऊन तो पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येतो. पण हा कोर्टाचा रस्ता. वेळ लागतो, वकील लागतो.

यावर वेगळा उपाय काढला तो क्लीव्हलँडच्या फ्रेडरिक गॉफ यांनी. ते मूळचे वकील, पुढे क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष झाले. श्रीमंतांची मृत्युपत्रं सांभाळणं हे बँकेचं एक कामच होतं. मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसांच्या पैशांवर कसा घट्ट बसतो, हे ते रोज पाहत होते. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी क्लीव्हलँड फाउंडेशन सुरू केलं. जगातलं हे पहिलं कम्युनिटी फाउंडेशन.

आता कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे काय? एका शहराची किंवा जिल्ह्याची सामाईक, कायमची गंगाजळी. एकट्या टाटा-बिर्लांची नव्हे, अनेकांची. देणगीदार येतात आणि जातात, निधी राहतो.

गॉफ यांनी त्यात तीन गोष्टी घातल्या. पहिली, पैसा सांभाळणारे वेगळे आणि वाटणारे वेगळे. पैसा बँक गुंतवणार, पण तो कुणाला द्यायचा हे पाच जणांची समिती ठरवणार. त्यातले दोघे बँकेने नेमायचे, एक महापौरांनी आणि दोन जण दोन वेगवेगळ्या न्यायालयांच्या न्यायाधीशांनी. दुसरी गोष्ट म्हणजे समितीवरच्या अटी. सदस्य त्याच शहरात राहणारा हवा. सरकारी पदावर असलेला किंवा पदाच्या मागे लागलेला माणूस नको. एकाच धर्मपंथाचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत. १९१४ सालच्या अटी आहेत या, आजही आपल्या कुठल्याही मंडळाला लावून बघा!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. देणगीदाराने सांगितलेलं काम पुढे निरुपयोगी किंवा अशक्य झालं, तर समिती तो पैसा जवळच्या दुसऱ्या कामाकडे वळवू शकते. देणगी देतानाच हे मान्य करून द्यायचं. मलान्फींच्या निधीत हीच सोय नव्हती.

आणि पैसा वाटण्याआधी गॉफ यांनी काय केलं, तर शहराची पाहणी. शाळा कशा चालतात, लोकांना मोकळा वेळ घालवायला जागा कुठे आहेत, न्यायव्यवस्थेचं काय चाललंय. यातल्या न्यायव्यवस्थेच्या पाहणीचं काम रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेपंडितांकडे होतं. तिचा अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाचं दुखणं कळल्याशिवाय औषधाचा पैसा वाटू नये, इतकं साधं तत्त्व.

आता हिशेब कसा चालतो ते बघू. समजा, एका निवृत्त शिक्षिकेने १ लाख डॉलर ठेवले. गुंतवणुकीवर सरासरी ७ टक्के मिळाले. त्यातला १ टक्का कामकाजाचा खर्च, २ टक्के महागाईसाठी मुद्दलात परत, उरलेले ४ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ४,००० डॉलर वाटायला. दिसायला किरकोळ. पण पंचवीस वर्षांत मूळ रकमेहून जास्त मदत वाटून होते आणि मुद्दल जागेवर असतं. असे शेकडो निधी एकत्र गुंतवले की खर्च विभागला जातो. एकटीने ट्रस्ट काढला असता तर निम्मं व्याज हिशेबनिसालाच गेलं असतं.

या निधींचेही प्रकार आहेत. काही पूर्ण मोकळे असतात, गरज पाहून समितीने वापरायचे. काही विषयाला बांधलेले, म्हणजे फक्त आरोग्य किंवा फक्त शिक्षण. काही ठरावीक संस्थेसाठी, काही शिष्यवृत्तीचे. आणि एक प्रकार म्हणजे देणगीदाराच्या सल्ल्याने चालणारा निधी. पैसा फाउंडेशनचा झाला, पण कुणाला द्यायचा हे देणगीदार सुचवत राहतो.

इथे खरी ओढाताण सुरू होते. पैसा कुणाचा? देणाऱ्याच्या इच्छेचा की गावाच्या गरजेचा?

कॅलिफोर्नियातलं एक प्रकरण सांगतो. बेरिल बक या बाई १९७५ मध्ये वारल्या. त्यांनी एका तेल कंपनीचे शेअर्स दानासाठी ठेवले, आणि अट घातली की पैसा मरिन काउंटीतच वापरायचा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. वाटप सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनकडे होतं. तेव्हा किंमत सुमारे १ कोटी डॉलर धरली होती. १९७९ मध्ये शेल कंपनीने ती तेल कंपनी विकत घेतली आणि निधी २५ कोटी डॉलरच्या वर गेला!

मरिन हा अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत भागांपैकी एक, आणि खाडीपलीकडे ओकलंडसारख्या शहरात गरिबी. १९८४ मध्ये फाउंडेशन न्यायालयात गेलं की थोडा पैसा शेजारच्या जिल्ह्यांतही वापरू द्या. मरिनचे लोक भडकले. त्यांचं म्हणणं, बाईंनी स्पष्ट लिहिलंय, पैसा वाढला म्हणून शब्द फिरवायचा का? १९८६ मध्ये फाउंडेशनने माघार घेतली. पैसा मरिनमध्येच राहिला आणि त्यासाठी मरिन कम्युनिटी फाउंडेशन स्थापन झालं.

कोण बरोबर? मला विचाराल तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच हे प्रकरण अवघड होतं. काम अशक्य होणं वेगळं आणि दुसरीकडे जास्त गरज असणं वेगळं. पहिल्यासाठी उद्देश बदलावा. दुसऱ्यासाठी बदलू लागलो, तर उद्या देणारा विश्वास कशावर ठेवेल?

आज मात्र काटा दुसरीकडे झुकलाय. देणगीदाराच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधींचं प्रमाण अमेरिकेत फार वाढलं आहे. करसवलत पैसा ठेवल्या दिवशीच मिळते. खासगी फाउंडेशनला दरवर्षी साधारण ५ टक्के वाटावेच लागतात, या निधींना मात्र तशी सक्ती नाही. गॉफ यांनी निर्णय गावाच्या हाती दिला होता, तो हळूहळू देणगीदाराकडे परत चाललाय.

आपल्याकडे या धर्तीवर १९९१ मध्ये मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट सुरू झाला. पण हा प्रकार अजून फारसा रुजलेला नाही. आपण मंदिराला देतो, शाळेला देतो, ओळखीच्या माणसाला देतो. गावाला म्हणून द्यायची सवय कमी.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आईच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवायचं आहे. वेगळा ट्रस्ट काढावा का?)

छोट्या रकमेसाठी नको. नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, हे सगळं मागे लागतं. चांगला कारभार असलेल्या संस्थेकडे निधी ठेवा. फक्त पत्रात एक वाक्य जरूर लिहा : 'हे बक्षीस देणं पुढे शक्य राहिलं नाही, तर याच्या जवळच्या कामासाठी पैसा वापरावा, आणि ते काम अमुक लोकांनी मिळून ठरवावं.' ते 'अमुक लोक' कोण, हे मात्र आजच नीट विचार करून लिहा.